४५ पेन्सपेक्षा जास्त देऊ नका: क्रॅस नावाच्या पंक बँडची हिशोबाची वही

१९७९ साली लंडनच्या लहान रेकॉर्डच्या दुकानांत क्रॅस नावाच्या एका बँडची तबकडी आली. वेष्टनावर ठळक सूचना होती: ४५ पेन्सपेक्षा जास्त देऊ नका. त्या काळात तशीच तबकडी साधारण ९० पेन्सला मिळायची. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी छापलेली असते, तसलाच हा प्रकार. पण एमआरपी कायद्याने छापावी लागते. क्रॅसवर तशी कुणाची सक्ती नव्हती. दुकानदाराला वर चार पैसे लावता येऊ नयेत म्हणून वाजवणाऱ्यांनीच ती किंमत छापली होती.

क्रॅसचं काळं-पांढरं गोल चिन्ह आज जगभर टी-शर्टांवर आणि जॅकेटांवर दिसतं. ते घालणाऱ्यांतल्या अनेकांनी बँडचं एकही गाणं ऐकलेलं नसतं. गाणी लावली तर पहिल्या ऐकण्यात शब्दही नीट कळत नाहीत, तेव्हा यात एवढं राजकारण कुठे आहे, हा प्रश्न रास्त आहे. ते राजकारण जितकं गाण्यांत होतं तितकंच हिशोबाच्या वहीत होतं: तबकडी कोण छापतं, किंमत कोण ठरवतं, उरलेले पैसे कुठे जातात. म्हणून त्या बाजूने सुरुवात केलेली बरी.

दोन शब्द आधी समजून घेऊ

पंक म्हणजे १९७६च्या सुमारास ब्रिटनमध्ये उसळलेलं आखूड, वेगवान, कर्कश संगीत. तीन स्वरमेळ आले की गाणं बांधता येतं, त्यासाठी वर्षानुवर्षं शिकावं लागत नाही, हा त्याचा गाभा. बेकारी वाढत होती आणि शाळा सोडलेल्या पोरांना पुढे काही दिसत नव्हतं. गिटार हातात घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही, हे पंकने त्यांना दाखवलं.

दुसरा शब्द अराज्यवाद. तो अराजकापेक्षा वेगळा आहे. अराजक म्हणजे गोंधळ, बेबंदशाही. अराज्यवादी म्हणतो की सरकार, लष्कर, धर्मसंस्था किंवा पक्ष यांपैकी कुणीही वरून हुकूम सोडू नये, माणसांनी आपसांत ठरवून कामं करावीत. आपल्याकडे शेतकरी सावड करतात, इर्जिक घालतात. आज तुझ्या शेतात सगळे राबतात, उद्या माझ्या. कुणी मालक नसतो, तरी काम नेटकं होतं. सगळा समाजच असा चालावा हे अराज्यवाद्याचं स्वप्न. क्रॅसचे लोक अराज्यवादी होते आणि त्याच वेळी युद्धविरोधी, शांततावादी होते. हे दोन धागे एकत्र आल्याशिवाय त्यांचं वागणं उलगडत नाही.

जेरेमी रॅटरचा पेनी रिम्बो

बँडचा ढोलवादक आणि त्यातला मुख्य लेखक पेनी रिम्बो याचं जन्मनाव जेरेमी रॅटर. जन्म १९४३चा. म्हणजे पंक आलं तेव्हा तो चौतिशीत होता, समोरची पोरं सोळा-सतरा वर्षांची. कला महाविद्यालयात त्याची जी व्हॉशर या चित्रकर्तीशी गाठ पडली, आणि ती साथ पुढे आयुष्यभर टिकली. १९७७ साली त्याने रीतसर नाव बदललं. आडनाव घेतलं फ्रेंच कवी आर्थर रिम्बोचं.

१९६७ साली त्याने लंडनच्या ईशान्येला, एसेक्समधल्या एपिंगजवळ, एक जुनं पडीक शेतघर भाड्याने घेतलं. डायल हाऊस. दार सर्वांसाठी उघडं ठेवायचं, येईल त्याने राहावं, भाजीच्या वाफ्यात राबावं, चित्रं काढावीत, वाद घालावेत, असा तिथला रिवाज पडला.

त्या दारातून आलेल्यांत फिल रसेल होता, ज्याला लोक वॉली होप म्हणत. १९७४ साली स्टोनहेंजच्या प्राचीन दगडांजवळ पहिला मोफत उत्सव भरला. तो वॉलीच्या कल्पनेतून, आणि त्याच्या तयारीत रिम्बोचा हात होता. पुढच्या वर्षी अमली पदार्थ बाळगल्याबद्दल वॉलीला अटक झाली, त्याला मनोरुग्णालयात ठेवून जबर औषधं दिली गेली. सुटल्यावर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर १९७५मध्ये, तो मरण पावला. अधिकृत निष्कर्ष आत्महत्येचा होता. रिम्बोला तो कधीच पटला नाही. त्याने माणसांना गाठून, कागद जमवून बराच काळ स्वतःचा तपास केला. व्यवस्थेनेच आपल्या मित्राचा बळी घेतला, हे त्याचं ठाम मत. तसं न्यायालयात सिद्ध झालेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण क्रॅसमधल्या संतापाचं मूळ शोधायला गेलं तर आधी या मृत्यूशीच थांबावं लागतं.

दोघांनी सुरू केलेला बँड

१९७७ साली डॅगनमचा विशीतला एक मुलगा डायल हाऊसवर आला. पुढे तो स्टीव्ह इग्नरंट म्हणून ओळखला गेला. त्याला बँड काढायचा होता. रिम्बो म्हणाला, ढोल मी वाजवतो. सुरुवातीला हे दोघंच. हळूहळू घरातली आणि येणारी-जाणारी माणसं मिळत गेली: ईव्ह लिबर्टीन, जॉय द व्हिव्हर, पीट राइट, फिल फ्री, एन. ए. पामर. मिक डफिल्ड चित्रफिती बनवायचा, व्हॉशर दृश्यांची बाजू सांभाळायची.

लंडनच्या रॉक्सी क्लबात एकदा सगळे इतके प्यायले की कार्यक्रमाचा बोजवारा उडाला आणि क्लबने त्यांना बंदी घातली. त्यानंतर त्यांनी शिस्त लावून घेतली. मंचावर जाण्याआधी दारू बंद. सगळ्यांनी काळे कपडे घालायचे, म्हणजे एकटा गायक तारा होऊन बसणार नाही. उजेडाला घरगुती ४० वॅटचे बल्ब. मागे कापडी फलक, बाजूला टीव्ही संच आणि डफिल्डच्या फिती. चेहरे धड दिसत नसत, त्यामुळे लक्ष शब्दांकडे जाई. रिम्बोचं ढोलवादनही लष्करी कवायतीच्या तालावर चालायचं. ज्या लष्कराला विरोध करायचा, त्याचाच ताल त्याने हातात घेतला होता.

५००० प्रती आणि दोन मिनिटांची शांतता

१९७८च्या ऑक्टोबरात त्यांनी पहिली तबकडी ध्वनिमुद्रित केली. ती काढणार होतं वॉल्थमस्टोमधलं स्मॉल वंडर हे रेकॉर्डचं दुकान, ज्याची स्वतःची छोटी छाप, म्हणजे रेकॉर्ड लेबल, होती. तबकडीचं नाव ‘द फीडिंग ऑफ द फाइव्ह थाउजंड’. येशूने पाच भाकरी आणि दोन मासे यांत पाच हजारांना जेवू घातलं, ती बायबलमधली कथा. नावाचं कारण मात्र व्यवहारातलं होतं: कारखाना ५०००पेक्षा कमी प्रती छापायला तयार नव्हता.

किमान प्रतींची अट का असते, ते तबकडी बनते कशी हे पाहिलं की कळतं. ध्वनिफितीवरचा आवाज आधी लॅकरचा थर दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर खोदतात. त्यावर चांदीचा पातळ मुलामा, मग विजेच्या साहाय्याने निकेलचा थर चढवतात. तो थर सोलला की खोबणीच्या जागी उंचवटे असलेला उलटा साचा मिळतो. त्यावरून सुलटा, आणि सुलट्यावरून पुन्हा उलटे साचे काढतात. हे शेवटचे साचे म्हणजे स्टॅम्पर. दोन स्टॅम्परांच्या मध्ये पीव्हीसीचा गरम गोळा ठेवून प्रचंड दाब दिला की तबकडी तयार. मोठा खर्च साच्यापर्यंतचा. पहिली प्रत महाग, पाच हजारावी खूपच स्वस्त. ऑफसेटवर लग्नपत्रिका छापणारा ‘दोनशेच्या खाली परवडत नाही’ म्हणतो, त्यामागेही हाच हिशोब असतो.

ही सगळी साखळी कारखान्याच्या हातात असते, आणि नेमकं तिथेच अडलं. छपाई आयर्लंडमध्ये व्हायची होती. पहिली नोंद होती ‘असायलम’, ख्रिस्तावर आणि चर्चवर तुटून पडणारं पठण. कॅथलिक वातावरणातल्या त्या कारखान्यात ती धर्मनिंदा ठरली आणि कामगारांनी छापायला नकार दिला. बँडने दुसरं गाणं घालून जागा भरली नाही. तिथे दोन मिनिटांची निव्वळ शांतता ठेवली आणि तिला नाव दिलं: अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आवाज. सुई खोबणीतून फिरत राहते, खरखर ऐकू येते, बाकी काही नाही. सेन्सॉरशिप म्हणजे काय हे इतकं थेट सांगणारी दुसरी जागा पंकच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

या प्रकरणात दुकानावर बालंट येऊ नये आणि पुढे कुणी अडवू नये म्हणून त्यांनी स्वतःची छाप काढली, क्रॅस रेकॉर्ड्स. भांडवल म्हणून बँडमधल्या एकाला वारसाहक्काने मिळालेली छोटी रक्कम. त्यावर पहिलं काम केलं ते नाकारलेलं पठण नव्याने मुद्रित करण्याचं. ‘रिअ‍ॅलिटी असायलम’. तीच ही ४५ पेन्सची तबकडी. पोलिसांनी चौकशी केली, खटल्याची टांगती तलवार राहिली, पण खटला काही उभा राहिला नाही.

४५ पेन्सचा हिशोब कुठे चुकला

मराठीत स्वखर्चाने कवितासंग्रह काढणाऱ्याला हे लगेच कळेल. समजा पुस्तकावर १०० रुपये किंमत छापली. विक्रेता ४० ते ५० रुपये सूट मागतो. उरलेल्या ५०-६० रुपयांत कागद, छपाई, बांधणी, टपाल. कवी छपाईचा खर्च ४५ धरून खूश असतो, आणि वाहतुकीचं बिल आलं की प्रत्येक विक्रीमागे खिशातून पैसे जायला लागतात. प्रती जितक्या जास्त खपतात तितका खड्डा मोठा.

क्रॅसचं असंच झालं. किंमत ठरवताना मूल्यवर्धित कर, म्हणजे तिकडचा व्हॅट, धरायचा राहून गेला. प्रत्येक तबकडीमागे तोटा. आणि किंमत वेष्टनावरच छापलेली, त्यामुळे दुकानात वाढवताही येईना. नंतर त्यांनी आकडा सुधारला. १९८०ची ‘ब्लडी रिव्होल्यूशन्स’ ७० पेन्सची होती. पण ‘यापेक्षा जास्त देऊ नका’ ही ओळ त्यांनी कधी सोडली नाही, आणि तबकड्या हजारोंनी खपायला लागल्यावर कमी नफ्यातही गाडं चाललं.

वेष्टनाचं डोकंही पाहण्यासारखं आहे. सात इंची तबकडी डिंकाने चिकटवलेल्या पाकिटात न घालता सहा चौकोनांच्या घडीत ठेवायची. घडी उलगडली की साधारण २१ बाय १४ इंचांचं भित्तिपत्रक हातात येतं. एकाच कागदावर, एकाच रंगात मुखपृष्ठ, गाण्यांचे शब्द, लेख आणि चित्र, सगळं बसायचं. व्हॉशरची त्यावरची चित्रं पाहून अनेकांना वाटतं की वर्तमानपत्रातले फोटो कापून चिकटवले आहेत. त्यातली बरीचशी तिने गुवाश या जलरंगाने ब्रश धरून रंगवलेली आहेत. भिंग घेऊन पाहिलं तरच ब्रशचे फटकारे दिसतात.

आपल्याकडे साठच्या दशकात ‘असो’, ‘येरू’ यांसारखी लघुनियतकालिकं निघाली. मोठा प्रकाशक छापणार नसेल तर आपण छापू, हा बाणा मराठी वाचकाला नवा नाही. क्रॅसने तोच बाणा तबकडीला लावला, आणि तबकडीसाठी कारखाना लागतो म्हणून तो जास्त अवघड ठरला.

‘पण हाही धंदाच ना?’

हा आक्षेप त्यांना तेव्हाही ऐकावा लागला. रेकॉर्ड विकायच्या आणि भांडवलशाहीला नावं ठेवायची, हे कसं?

उत्तर पैशाच्या वाटेत आहे. घरातली माणसं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, खर्च साधा. जे उरे त्यातून इतरांच्या तबकड्या निघत. कार्यक्रमही बहुधा कुणाच्या तरी मदतीसाठी: अण्वस्त्रविरोधी चळवळ, बलात्कारपीडितांची मदतकेंद्रं. ते नेहमीच्या नाट्यगृहांऐवजी गावातल्या सभागृहांत, स्काउटच्या खोल्यांत वाजवत. ‘ब्लडी रिव्होल्यूशन्स’च्या पैशातून लंडनच्या वॉपिंग भागात अराज्यवाद्यांचं एक केंद्र उभं राहिलं. ते फार काळ टिकलं नाही. इमारत चालवणं हे तबकडी काढण्यापेक्षा कितीतरी चिवट काम आहे.

नव्या बँडला ते करारात बांधून ठेवत नसत. फ्लक्स ऑफ पिंक इंडियन्स यांनी इथे एक तबकडी केली आणि मग स्वतःची छाप काढली. कॉन्फ्लिक्टनेही तेच केलं. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या ब्योर्कचा सुरुवातीचा आइसलँडिक बँड कुकल, त्याच्या तबकड्याही इथूनच आल्या. माझ्या मते क्रॅसचं सर्वांत टिकाऊ काम हेच. गाणी काहींना आवडतील, काहींना नाही. पण तबकडी कशी काढायची हे शंभर पोरांना शिकवलं, ते परत घेता येत नाही.

सर्वांना दार उघडं ठेवलं की काय होतं

इथे त्यांचं तत्त्व त्यांच्यावरच उलटलं. कुणालाही दारात अडवायचं नाही, असा नियम. त्यामुळे कार्यक्रमांना वंशद्वेष्टे स्किनहेडही, म्हणजे डोकं भादरलेल्या तरुणांच्या टोळ्या, येत. सप्टेंबर १९७९मध्ये लंडनच्या कॉनवे हॉलमध्ये अशी टोळी आणि त्यांना हुसकावायला आलेले डावे कार्यकर्ते यांच्यात रक्तबंबाळ मारामारी झाली. क्रॅसने दोन्ही बाजूंच्या हिंसेला दोष दिला, आणि डावे कायमचे दुखावले. त्यांचं म्हणणं होतं की ज्यांना टोळीवाले रोज रस्त्यात मारतात, त्यांच्यासाठी ‘दोघेही सारखेच’ हे वाक्य क्रूर आहे. या वादात डाव्यांची बाजू जड वाटते. दार उघडं ठेवल्याची किंमत यजमानाला मोजावी लागली नाही, ती आत आलेल्या दुबळ्या माणसाने मोजली.

फॉकलंड, संसद आणि कापलेली ध्वनिफीत

एप्रिल ते जून १९८२ ब्रिटन आणि अर्जेंटिना फॉकलंड बेटांवरून लढले. दोन्हीकडचे मिळून सुमारे ९०० जीव गेले. देशभर विजयोत्सव चालू असताना क्रॅसने तबकडी काढली. तिचं शीर्षकच पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना विचारत होतं: हजार मृतांची आई होऊन कसं वाटतं? संसदेत हा विषय निघाला. टिम एगर या हुजूर पक्षाच्या खासदाराने अश्लीलतेच्या कायद्याखाली खटला भरण्याची मागणी केली. खटला झाला नाही, पण एसेक्समधल्या शेतघरातले आठ-दहाजण एकाएकी राष्ट्रीय बातमी झाले.

मग आली ध्वनिफीत. १९८३च्या निवडणुकीच्या आधी थॅचर आणि अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांचं फोनवरचं संभाषण म्हणून एक कॅसेट पत्रकारांकडे निनावी पोहोचली. त्यात रेगन युरोपात अण्वस्त्रं वापरण्याची भाषा करतात, आणि फॉकलंडमध्ये बुडालेल्या ‘शेफील्ड’ या युद्धनौकेचा बळी जाणूनबुजून दिल्याचं थॅचर सूचित करतात. सगळं बनावट. क्रॅसच्या पीट राइटने दोघांची भाषणं आणि मुलाखती मुद्रित करून शब्द वेगळे केले आणि पुन्हा जोडले.

तेव्हा अशा कामाला संगणक नव्हता. पाव इंची फीत धातूच्या खाचेत बसवायची, ब्लेडने तिरकी कापायची, दुसऱ्या तुकड्याला भिडवून चिकटपट्टी लावायची. काप तिरका, कारण सरळ कापला तर जोडावर ‘टक’ असा आवाज येतो. शिवाय एकाच माणसाचे शब्द वेगवेगळ्या खोल्यांत मुद्रित झालेले असतात. खोलीचा घुमारा बदलला की कानाला खटकतं. टेलिफोनचा आवाज मुळातच बारीक आणि खरखरीत, त्यामुळे असे सांधे त्यात झाकले जातात.

अमेरिकी परराष्ट्र खात्याने सोव्हिएत हेरखात्यावर संशय घेतला. ८ जानेवारी १९८४ला ‘संडे टाइम्स’ने तशीच बातमी दिली. दोनच आठवड्यांनी, २२ तारखेला, ‘ऑब्झर्व्हर’ने खरे कर्ते शोधून काढले.

आज निवडणुकीत नेत्यांच्या खोट्या ध्वनिफिती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात तेव्हा या प्रकाराकडे कौतुकाने पाहणं जड जातं. बँडचा बचाव असा की सरकारं रोज खोटं बोलतात, आम्ही ते उघडं पाडलं. हा बचाव अपुरा आहे. याआधी क्रॅसने एका प्रेमकथांच्या मासिकाला फसवून, लग्नाचं गुळमट गाणं वाचकांना फुकट भेट म्हणून त्यांच्याच हातून वाटायला लावलं होतं (१९८१), त्यात थट्टा उघड होती आणि तो डाव कळल्यावर कुणीही हसावं. या फितीत मात्र ऐकणाऱ्याला सत्य कळायला वाटच ठेवलेली नव्हती.

शेवट आधीच छापलेला होता

क्रॅसच्या तबकड्यांचे अनुक्रमांक चमत्कारिक वाटतात: ५२१९८४, ३२१९८४, १२१९८४. इंग्रजीत ‘टू’ म्हणजे दोनही आणि ‘पर्यंत’ही. म्हणजे पहिला अंक उरलेली वर्षं, मग ‘टू’, मग १९८४. जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबरीमुळे १९८४ हे साल हुकूमशाहीचं प्रतीक झालं होतं, आणि या तबकड्या त्याकडे उलटी मोजणी करत होत्या.

ते साल उजाडलं तेव्हा माणसं थकली होती. चेशायरमध्ये पोलिसांनी दुकानातून रेकॉर्ड उचलल्या आणि अश्लीलतेचा खटला झाला. अपिलात बहुतेक आरोप गळले, एका गाण्यावरचा ठपका राहिला, पैसा मात्र वकिलांत गेला. ७ जुलै १९८४ रोजी वेल्समधल्या अ‍ॅबरडेअरला संपावर असलेल्या खाणकामगारांच्या मदतीसाठी त्यांनी कार्यक्रम केला. घरी परतताना पामरने बँड सोडत असल्याचं सांगितलं. इतरांनी मन वळवायचा प्रयत्न केला नाही.

मग पुस्तकं कशासाठी?

तबकडीच्या घोषणेत ‘का’ मावत नाही. रिम्बोला हे आधीपासून ठाऊक होतं. १९८२च्या ‘क्राइस्ट – द अल्बम’ या दुहेरी संचाबरोबर पुस्तिका होती, आणि तिच्यात वॉली होपवरचा त्याचा दीर्घ निबंध: ‘द लास्ट ऑफ द हिप्पीज’. पंकच्या पोरांना हिप्पी म्हणजे शिवी वाटायची. त्यांच्याच हातात त्याने एका हिप्पीच्या मरणाची कहाणी दिली आणि सांगितलं की तुमचा राग इथून आला आहे. १९९८ साली ‘शिबोलेथ’ हे आत्मचरित्र आलं. तेही एके प्रेसने काढलं, जी स्वतः अराज्यवाद्यांची सहकारी प्रकाशनसंस्था. क्रॅस वाचायला सुरुवात करायची असेल तर निबंधापासून करावी. तो छोटा आहे, आणि त्यातला शोक अजून ताजा वाटतो.

एक आक्षेप राहतो: मालमत्ता नको म्हणणाऱ्या या माणसांनी पुढे डायल हाऊस विकत घेतलंच ना? घेतलं. जमीन विकासकांच्या घशात जाण्याची वेळ आली, बरीच वर्षं भांडण चाललं, आणि शेवटी घर लिलावात निघालं तेव्हा रिम्बो आणि व्हॉशर यांनी उसने पैसे उभे करून बोली लावली. भाड्याने राहून दार उघडं ठेवता येत होतं तोवर त्यांनी भाडं भरलं. नंतर त्याच दारासाठी कर्ज काढलं.